दोनशे वॅटचा बल्ब

आमच्या धंतोलीतल्या ऑफिसात फोन एकच होता आणि त्यावर येणारं वाक्यही बहुतेक वेळा एकच असे : "मशीन चालू होत नाही." ते कोणत्या सुरात म्हटलं जातं यावरून बॅगेत काय भरायचं हे ठरवायला मी शिकलो होतो. सूर घाबरलेला असेल तर बोलणाऱ्याने स्वतः काहीतरी केलेलं असे. रागावलेला असेल तर दुसऱ्या कोणीतरी केलेलं असे. आणि सूर फारच गोड असेल, तर मशीनचं झाकण आधीच उघडून, पुन्हा लावून झालेलं असे, आणि दोन स्क्रू उरलेले असत.

हा काळ ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातला. त्याआधी मी रेडिओ दुरुस्त केले, मग ऑफिसातली आकडेमोडीची यंत्रं, मग हे. नागपुरातले कॉम्प्युटर तेव्हा एका वहीच्या दोन पानांवर मावत, आणि ती वही माझ्याकडे होती. प्रत्येक मशीनला स्वतंत्र खोली असे. खोलीला गालिचा, काचेचं दार, आणि मे महिन्यात अख्खं ऑफिस कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास घेत घामाघूम बसलेलं असताना या खोलीत एसी. त्यामुळे मोठे अधिकारी दुपारच्या वेळी मशीनची विचारपूस करायला वरचेवर येत. दाराशी पादत्राणं काढायची पद्धत होती. धूळ आत जाऊ नये हे कारण खरंच होतं. पण बूट काढताना लोकांचा आवाजही आपोआप खाली जाई, ते काही धुळीमुळे नसावं. मी दिवसातून चार ठिकाणी बूट काढत असे. इंजिनीअरची पहिली ओळख मोज्यातून बाहेर आलेल्या अंगठ्यामार्फत होई, आणि त्यानंतर त्याने कितीही इंग्रजी बोललं तरी उपयोग नसे.

मशीन चालू होत नाही याचा अर्थ काय, हे आधी सांगायला हवं. वीज भिंतीतून निघते, वायरमधून पेटीत येते. पेटीच्या मागच्या कोपऱ्यात पॉवर सप्लाय नावाचा एक डबा असतो. तो दोनशे तीस व्होल्टचे पाच आणि बारा व्होल्ट करून देतो, कारण आतल्या नाजूक भागांना त्याहून जास्त सोसत नाही. तिथून वीज मुख्य बोर्डावर जाते आणि शेवटी पडद्यावर हिरवी अक्षरं उमटतात. या वाटेवर कुठेही काही अडलं तरी गिऱ्हाइकाला दिसतो तो फक्त काळा पडदा. आमचं कौशल्य एवढंच, की ही वाट भिंतीपासून चालत जायची आणि मधलं एकही घर वगळायचं नाही. काम सोपं आहे. पण माणूस थोडा हुशार झाला की घरं वगळायला लागतो. मीही लागलो होतो.

सिव्हिल लाइन्समधल्या एका मोठ्या वकिलांचं मशीन एकदा "मेलं". मी पोचलो तेव्हा खोलीत दहा-अकरा अशील अंत्यदर्शनाला जमावेत तसे उभे होते. मशीनचा पंखा व्यवस्थित फिरत होता. फडक्याने पुसताना कोणीतरी पडद्याखालची उजेडाची चकती पार उलटी फिरवून ठेवली होती, इतकंच. ती सुलटी करायला एक सेकंद लागला असता. पण आपला वकील एका चकतीपुढे हरलेला अशिलांनी पाहणं बरं नव्हे. मी पेटी उघडली, आत ब्रश फिरवला, दोन कार्डं काढून पुन्हा बसवली, सगळ्यांना जरा लांब उभं राहायला सांगितलं, आणि पेटी बंद करता करता चकती फिरवली. अक्षरं आली. निकाल आधीच ठाऊक असल्यासारखी वकीलसाहेबांनी मान डोलावली.

याला कोणी लबाडी म्हणेल. मी शिष्टाचार म्हणत असे. तो कुठपर्यंत न्यायचा हे मात्र मला कळत नव्हतं.

कामठीच्या एका विणकर सोसायटीत अन्सारी नावाचे पन्नाशीचे टायपिस्ट होते. हौसेने कॉम्प्युटर शिकले होते. आयुष्यभर टाइपरायटर बडवलेला, त्यामुळे कीबोर्डवरही तसाच दणका. एकदा त्यांचं मशीन चालू होईना. पॉवर सप्लायमधला एक भाग जळला होता. तो कारखान्यातूनच कच्चा आला होता. मी डबा बदलला. काम झालं की एक छापील रिपोर्ट तीन प्रतींत भरावा लागे. त्यात 'बिघाडाचे कारण' असा रकाना होता. तिथे 'उत्पादनातील दोष' लिहिलं तर मुंबईच्या मुख्य ऑफिसला तीन पानी खुलासा पाठवावा लागे. 'हाताळणीतील चूक' लिहिलं तर काहीच करावं लागत नसे. त्या दिवशी ऊन असं होतं की स्कूटरचं हँडल धरवत नव्हतं, आणि मला घरी जायचं होतं. मी 'हाताळणीतील चूक' लिहिलं.

दोन महिन्यांनी नेहमीच्या तपासणीला गेलो, तर अन्सारी काचेच्या दाराबाहेर जुन्या टाइपरायटरवर बसलेले. आत दुसराच माणूस.

"क्यों अन्सारीसाब, आप इधर?"

"आपने लिख दिया ना साब, हाथ की गलती," ते म्हणाले. "मैंने भी सोचा, हाथ तो मेरा भारी है ही।"

बोलण्यात तक्रार नव्हती. तेच वाईट होतं. माझा आळस या माणसाने आपली चूक म्हणून कबूल करून टाकला होता. त्यांनी चहा मागवला. मी तो प्यायलो, आणि खरं काय ते न सांगता परत आलो.

हे मनात ताजं असतानाच हिंगण्याचा फोन आला.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. पंपांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. फोनवर तिथले ऑफिस सुपरिंटेंडंट घाटे होते आणि सूर रागावलेला होता. या कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या उद्घाटनाला मी हजर होतो. जनरल मॅनेजरसाहेबांनी, कारखाना आता एकविसाव्या शतकात पाऊल टाकतो आहे, असं भाषण केलं होतं. आणि समईचा धूर मशीनच्या अंगावर जाऊ नये म्हणून मी ते शतक येईपर्यंत पुठ्ठ्याने वारा घालत उभा होतो.

पहिल्या पाळीच्या बसगाड्या आणि मोटारसायकली चुकवत मी पोचलो. घाटे दारातच होते.

"या. झालं ते झालं," ते म्हणाले. "तुम्ही फक्त लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"हेच, की हेड पार्क न करता मशीन बंद केलं. मी मॅन्युअल वाचलंय."

हेड पार्क करणं म्हणजे काय ते सांगतो. त्या मशीनांच्या हार्ड डिस्कमध्ये ग्रामोफोनच्या सुईसारखा एक भाग तबकडीवर तरंगत असे. बंद करण्यापूर्वी एक आज्ञा देऊन तो कडेला नेऊन ठेवावा लागे, नाहीतर तबकडीला ओरखडा पडण्याची भीती. पण ओरखड्याने माहिती जाते; मशीन चालू व्हायचं थांबत नाही. मी तसं म्हणालो. घाटेंना ते पटलं नाही, कारण त्यांचं पत्र टाइप होऊन तयार होतं.

"त्या रामटेके बाईचं प्रोबेशन आहे. पाच महिने झालेत," ते म्हणाले. "साहेबांनी सेवासमाप्तीचं पत्र तयार ठेवायला सांगितलंय. तारखेची जागा तेवढी कोरी आहे. तुमचा रिपोर्ट आला की टाकतो." मग आवाज उतरवून, "आणि एक सांगतो. नवमीला आम्ही सगळ्यांनी मशीनची पूजा केली. ही काही पुढे आली नाही. दाराशी उभी. मी तसलं काही मानत नाही, पण लोक बोलतात."

"लोक म्हणजे कोण?"

"लोक," घाटे म्हणाले.

सुनंदा रामटेके ही तिथली ऑपरेटर. कॉमर्सची पदवी, वर कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इंदोऱ्याहून दोन बस बदलून येत असे. वडील गिरणीतून घरी बसलेले, दोन भाऊ शाळेत. त्या घरातून कामावर जाणारी ती एकटी होती. बौद्ध कुटुंब होतं, आणि नागपुरात या वाक्यापुढे खुलासा लागत नाही. नवमीला तिने मशीन पुसून लखलखीत करून दिलं होतं आणि हळदकुंकवाच्या वेळी बाजूला उभी राहिली होती. दसऱ्याला घरच्यांबरोबर दीक्षाभूमीवर गेली होती. यात लोकांनी बोलावं असं काय होतं, हे मी घाटेंना विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मी बूट काढून आत गेलो. आत जनरल मॅनेजर, पाठोपाठ घाटे, आणि कारखान्याचे इलेक्ट्रिशियन मारोतराव निखाडे. मिशा पांढऱ्या, खिशाला टेस्टर. कोपऱ्यात सुनंदा एक वही छातीशी धरून उभी होती.

"बाई, शेवटचं बंद केलं तेव्हा काय काय केलं?" मी विचारलं.

"नवमीला सकाळी स्टॉकची फाईल केली सर. हेड पार्क केलं, बंद केलं, पुसलं. वहीत लिहिलं आहे." तिने वही उघडून दाखवली. रोजची नोंद होती, वेळेसकट.

"वहीत काय, कोणीही लिहितं," घाटे म्हणाले.

"मग वही ठेवायला काहून सांगितलं होतं सर?"

घाटेंनी चष्मा पुसायला घेतला. मी मशीनकडे वळलो.

बटण दाबलं. शेजारच्या स्टॅबिलायझरचा लाल दिवा लागलेला होता. पेटीतला पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धा फेरा. पेटीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. झाकण उघडलं तर आत हळद लावलेल्या अक्षता पसरलेल्या, आणि फ्लॉपीच्या फटीत झेंडूची पाकळी. पूजा साहेबांनी सपत्नीक केली होती, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. मी चिमट्याने एकेक दाणा वेचत होतो आणि मनातून खूश होतो, कारण मला कारण सापडलं होतं.

सापडलं नव्हतं. सगळं स्वच्छ करून बटण दाबलं, तर तोच अर्धा फेरा.

मग मी पॉवर सप्लायवर आलो. बॅगेत नवा डबा होता. तो जोडला. अर्धा फेरा. कार्डं एकेक काढून पाहिली. अर्धा फेरा. दीड तास गेला. साहेब मधूनमधून घड्याळ पाहत आणि हार्ड डिस्कबद्दल कुठेतरी वाचलेलं एखादं वाक्य मला सांगत. घाटे दोनदा बाहेर जाऊन आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा हातात एक फाइल होती. सुनंदाने त्या फाइलकडे एकदाच पाहिलं.

मी पेटीपासून लांब झालो, गालिच्यावर मांडी घालून बसलो आणि स्वतःलाच विचारलं, की मी कुठून सुरुवात केली? पेटीपासून. वाट सुरू होते कुठून? भिंतीपासून. पहिलं घरच मी वगळलं होतं.

"मारोतराव, भिंतीतला पॉइंट बघू या."

निखाडेंना ते लागलं. "भिंतीचं नका पाहू साहेब. मी सकाळीच टेस्टर लावून पाह्यला. करंट येऊन राहिला ना मस्त. मशीनच बसली तुमची."

मी मीटर लावला. मीटरही दोनशे तीस दाखवत होता.

"पाहा," निखाडे म्हणाले.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी मला कोणत्याही मॅन्युअलने शिकवली नाही. टेस्टरला आणि मीटरला वीज नुसती चाटायला पुरते. नळाच्या तोंडाशी थेंब लोंबतोय म्हणून नळाला पाणी आहे असं ते सांगतात. बादली लावल्याशिवाय खरं कळत नाही. माझी बादली म्हणजे सीताबर्डीवर घेतलेला दोनशे वॅटचा साधा बल्ब, होल्डर आणि वायरीसकट, प्रवासात फुटू नये म्हणून एका फाटक्या मोज्यात गुंडाळलेला. मी तो बॅगेच्या तळातून काढला तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर, आपण एकविसाव्या शतकासाठी नेमका कोणता माणूस बोलावला आहे, असा भाव होता.

बल्ब भिंतीत लावला. त्याची तार निखाऱ्यासारखी मिणमिणली, थरथरली आणि विझली.

"भिंतीतून वीज येत नाही," मी म्हणालो.

"असं कसं?" निखाडे पुढे आले. "वायरिंग मी टाकली. सहा महिने नाही झाले तिले."

आम्ही दोघे बाहेर व्हरांड्यातल्या मुख्य बोर्डाकडे गेलो. तिथे तोच बल्ब असा पेटला की डोळे मिटावे लागले. परत आत येऊन लावला, तर मिणमिण. एसी आणि ट्यूबलाइट वेगळ्या लाइनवर होते, म्हणून कोणाला संशय आला नव्हता. दोष बोर्ड आणि पॉइंट यांच्या मध्ये होता, म्हणजे भिंतीच्या पोटात.

"नवमीच्या सकाळपर्यंत मशीन चाललं," मी म्हणालो. "त्यानंतर या भिंतीला कोणी काही केलं का?"

निखाडे आपल्या अंगठ्यांकडे पाहू लागले. घाटे एसीकडे. अशा वेळी खोलीत किती गोष्टी पाहण्यासारख्या असतात हे तेव्हा मला कळलं.

"फोटो लागला सर," सुनंदा म्हणाली.

तोपर्यंत मी त्या फोटोकडे पाहिलंच नव्हतं. मशीनच्या बरोबर वर, तीन फूट रुंद, सोनेरी नक्षीची लाकडी चौकट. उद्घाटनाच्या दिवशी जनरल मॅनेजरसाहेब प्रमुख पाहुण्यांकडून पुष्पगुच्छ घेताना. कॉम्प्युटरही फोटोत होता, साहेबांच्या कोपरामागे, थोडासा.

"तो मी स्वतः लावलाय," साहेब म्हणाले. "व्यवस्थित, मध्य काढून."

"मी म्हणलो होतो ना साहेब," निखाडे खालच्या आवाजात म्हणाले, "आज हत्याराले हात नाही लावत म्हणून. हातोडी पूजेत मांडली होती. तुम्ही कुंकवासकट उचलली."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : खंडेनवमीला कारखान्यातली सगळी हत्यारं धुऊन, पुसून मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहतात, आणि मग त्या दिवशी ती उचलत नाहीत. पान्हा, करवत, हातोडी, सगळ्यांना सुट्टी. कामगार हे मनापासून पाळतात. साहेबांना पूजेनंतर फोटो लावायची घाई होती, कारण फोटो त्याच सकाळी चौकटीत बसून आला होता. पॉइंटपासून छताकडे जाणारी वायरची नळी भिंतीत नेमकी त्या मध्यावरून गेली होती, जो साहेबांनी काढला होता.

मी निखाडेंच्या खिशातला टेस्टर घेतला, फोटो हाताने न धरता टोकाने जरा बाजूला सारला आणि टेस्टर खिळ्याच्या डोक्याला लावला.

टेस्टर पेटला.

साहेब एक पाऊल मागे सरकले. फोटो सुतळीने टांगला होता म्हणून बरं. तारेने टांगला असता आणि चौकट पुसायला कोणी हात लावला असता, तर वेगळा रिपोर्ट लिहावा लागला असता. आणि त्या खोलीत चौकट पुसण्याचं काम कोणाचं होतं ते सांगायला नको.

माझ्या मनात तेव्हा आलं ते असं. पूजेत आली नाही म्हणून लोक जिच्याबद्दल बोलत होते, ती त्या दिवशी नुसती उभी होती. रीत मोडली ती हातोडी उचलणाऱ्याने. आणि मशीन बंद पडलं ते रीत मोडल्यामुळेही नव्हे. ते पडलं चार इंची खिळ्यामुळे, आणि खिळ्याला कोणाचा धर्म कळत नाही.

मेन स्विच बंद करून खिळा काढला. तुटलेल्या वायरची दोन्ही काळी पडलेली टोकं त्या खिळ्याला जेमतेम टेकलेली होती. टेस्टर पेटवायला तेवढं पुरत होतं. पंखा फिरवायला नाही. निखाडेंनी नवी वायर ओढली. त्याला दोन तास लागले. काम संपल्यावर बल्ब त्यांनी स्वतः मागून घेतला, भिंतीत लावला, त्याच्या उजेडात डोळे बारीक करून पाहिलं आणि सुनंदाला म्हणाले, "घे वं बाई. आता लाव तुझी मशीन."

तिने बटण दाबलं. पंखा पूर्ण फिरला आणि फिरत राहिला. त्या मशीनांना स्वतःची तारीख लक्षात राहत नसे. चालू झाल्याबरोबर ती पहिला प्रश्न तोच विचारत : आजची तारीख काय? हिरव्या अक्षरांत प्रश्न आला. सुनंदाने खुर्ची पुढे ओढली आणि तारीख टाकली. घाटे फाइल काखेत धरून दारात उभे होते. त्या खोलीत त्या दिवशी टाकली गेलेली तारीख ती तेवढीच.

मग रिपोर्ट. साहेबांच्या केबिनमध्ये बसून मी भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं : "भिंतीतील वायर खिळ्यामुळे तुटली. यंत्रात बिघाड नाही." रकाना संपला. खाली कोऱ्या जागेत आणखी एक ओळ लिहिली : "ऑपरेटरची चूक नाही."

साहेबांनी तो कागद एखाद्या करारासारखा वाचला.

"'खिळ्यामुळे'ऐवजी 'बाह्य कारणामुळे' असं नाही लिहिता येणार?"

"येईल. पण मग मुंबईहून पत्र येईल, बाह्य कारण कोणतं म्हणून."

त्यांनी थोडा विचार केला. "खिळा कोणी ठोकला ते तुम्ही लिहिलेलं नाही."

"रकान्यात तसं विचारलेलं नाही."

"मग हे शेवटचं वाक्य? तेही कोणी विचारलेलं नाही."

"विचारलं होतं साहेब," मी म्हणालो. "मी आत यायच्या आधी, दारात."

साहेब वाईट माणूस नव्हते. ज्यांना सतत टाळ्या मिळतात त्यांना कधीकधी समोरची भिंत दिसत नाही, एवढंच. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, सही केली, आणि घाटेंना हाक मारून ती फाइल मागवली. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. पण त्या दिवशी मी तीन प्रतींच्या खाली आणखी एक कार्बन घातला होता. चौथी प्रत मी जाताना सुनंदाला दिली. ती वाचून तिने घडी घातली आणि वहीत, नवमीच्या पानावर ठेवली. आभार वगैरे मानले नाहीत. खरं ते लिहिल्याबद्दल आभार कशाला मानायचे, हा तिचा विचार असावा, आणि तो बरोबर होता. महिन्याभराने तपासणीला गेलो तेव्हा निखाडेंनी सांगितलं, "पर्मनंट झाली ना ते बाई." फोटो साहेबांच्या केबिनमध्ये गेला होता. खिळा निखाडेंनी ठोकला होता, आधी सगळी भिंत तपासून.

मला या कामाचा अभिमान आहे, हे लपवत नाही. माझ्याहून जास्त शिकलेले इंजिनीअर नंतर पुष्कळ आले. त्यांच्या बॅगांत माझ्या स्कूटरहून महाग मीटर होते. पण मोज्यातला बल्ब कोणाकडे नव्हता.

हिंगण्याचं काम झालं त्याच आठवड्यात मी कामठीला गेलो आणि अन्सारींना खरं काय ते सांगितलं. लिहूनही दिलं, सोसायटीच्या नावे. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"देर से आया," ते म्हणाले, "मगर आया तो सही." मग बोटं टाइपरायटरवर ठेवली. "अब रहने दो साब. ये उंगलियाँ फिर इधर की हो गयीं।"

ते निवृत्त होईपर्यंत तिथेच, काचेच्या दाराबाहेर बसले. माझ्या वहीत त्या सोसायटीच्या नावापुढे 'दुरुस्त' असं लिहिलेलं आहे. ते मशीनपुरतं खरं आहे.

तीनेक वर्षांनी एका सकाळी ऑफिसात फोन वाजला. सूर घाबरलेला नव्हता, रागावलेला नव्हता, गोडही नव्हता. मला क्षणभर बॅगेत काय भरावं ते कळेना.

"सर, रामटेके बोलते, हिंगण्याहून. आता चार मशीनं आहेत इथे, माझ्याकडेच. त्यातलं एक चालू होत नाही."

"बरं. पाहिलंत का—"

"भिंतीत बल्ब लावून पाहिला सर. स्टॅबिलायझरला लावून पाहिला. दोन्हीकडे लखलखीत पेटतो. तिथपर्यंत सगळं ठीक आहे. पुढचं तुम्ही या आणि पाहा."

मी बॅग भरली. नवा पॉवर सप्लाय घेतला, कार्डं घेतली, मीटर घेतला. मोज्यात गुंडाळलेला बल्ब हातात घेतला, थोडा वेळ धरला, आणि पहिल्यांदाच टेबलावर ठेवून निघालो.